'शास्त्रोक्त' आणि 'नैसर्गिक' : इंदूरच्या छत्रीबागेच्या निमित्ताने एक शब्दविचार

ईशज्ञानाच्या अभ्यासात दोन शब्द पदोपदी भेटतात : 'कॅनॉनिकल' आणि 'नॅचरल'. मराठीत लिहू लागलो की हेच दोन शब्द लेखणी अडवून धरतात. 'कॅनॉनिकल' म्हणजे कधी प्रमाणभूत, कधी विहित, कधी शास्त्रोक्त, तर कधी निव्वळ 'धर्मसभेच्या कायद्यानुसार असलेले'. 'नॅचरल' म्हणजे नैसर्गिक म्हणावे, स्वाभाविक म्हणावे, की औरस म्हणावे? आमच्या भाषांतरकारांनी आजवर सोयीनुसार यांपैकी एकेक शब्द उचलला आहे. त्याबद्दल त्यांना बोल लावण्याचे कारण नाही. मूळ शब्दच एका अर्थाने नांदणारे नाहीत. परंतु हा प्रश्न कोशात पाहून सुटण्याजोगाही नाही. शब्दांनी माणसांचे भवितव्य जिथे ठरविले त्या जागी जाऊन पाहिले, तर त्यांचा अर्थ अधिक स्पष्ट दिसतो. अशी एक जागा मराठी माणसाच्या परिचयाची आहे. ती म्हणजे इंदूरची छत्रीबाग.

प्रथम शब्दांच्या मुळांकडे वळू. 'कॅनन' हा शब्द ग्रीक असला तरी त्याचे बीज सेमिटिक आहे. हिब्रू भाषेत 'काने' म्हणजे बोरू किंवा वेत. यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथात मंदिराचे मोजमाप घेणाऱ्या पुरुषाच्या हाती असलेला मापदंड तो हाच. ग्रीकांच्या हाती पडल्यावर सुताराची व गवंड्याची सरळ पट्टी असा त्याचा अर्थ झाला, आणि पुढे कोणतेही प्रमाण, कोणताही नियम. संत पॉल गलतीकरांस लिहिताना हा शब्द 'आचरणाचा नियम' या अर्थी वापरतो. चौथ्या शतकात त्याला दोन फांद्या फुटल्या. इ. स. ३२५ च्या नायसिया परिषदेने केलेले नियम 'कॅनन' म्हटले गेले, आणि इ. स. ३६७ मध्ये संत अथनेशियसने आपल्या ईस्टरपत्रात नव्या कराराच्या सत्तावीस ग्रंथांची यादी दिली, तेव्हा त्या प्रमाणग्रंथांनाही हाच शब्द लागला. मूळ कल्पना मात्र एकच राहिली : मोजणारा कोणी बाहेर आहे, त्याच्या हाती माप आहे, आणि वस्तू त्या मापाला उतरली तर ती मान्य.

'नॅचरल'ची गोष्ट निराळी. लॅटिन 'नातुरा' हा शब्द 'नास्की', म्हणजे जन्मणे, या धातूपासून आला. येथे बाहेरचे माप नाही. जे जन्मतःच आहे ते. वरवर पाहता हा शब्द अगदी निरुपद्रवी दिसतो. परंतु रोमन कायद्याने त्याला दोन परस्परविरोधी कामांना जुंपले. दत्तक मुलाच्या विरोधात 'नातुरालिस' म्हणजे पोटचा मुलगा. विवाहसंबंधातून झालेल्या मुलाच्या विरोधात 'नातुरालिस' म्हणजे विवाहाबाहेर झालेला मुलगा. पहिल्या अर्थी तो शब्द मान देतो, दुसऱ्या अर्थी तो मान हिरावून घेतो. एकच विशेषण, आणि त्याच्या एका टोकाला गादी, दुसऱ्या टोकाला देवडी!

आपल्या धर्मशास्त्राने या बाबतीत शब्दांची अधिक काळजी घेतली, असे आम्हांस वाटते. मनुस्मृतीत पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांत पहिला औरस. मग क्षेत्रज, दत्त, कृत्रिम, गूढोत्पन्न इत्यादी. 'औरस' म्हणजे केवळ रक्ताचा नव्हे, तर विधिपूर्वक विवाह केलेल्या पत्नीच्या पोटी स्वतःपासून झालेला. म्हणजे या एका शब्दात निसर्ग आणि शास्त्र या दोहोंची गाठ मारलेली आहे. इंग्रजीत ती गाठ सुटलेली असते. तिथे 'नॅचरल' आणि 'लेजिटिमेट' असे दोन शब्द लागतात. म्हणूनच 'नॅचरल सन' याचे भाषांतर करताना मराठी लेखकाची फसगत होते. तो कधी 'औरस' लिहितो, आणि मूळ लेखकाला नेमके 'अनौरस' म्हणायचे असते.

आता छत्रीबागेत येऊ. इंदूरच्या जुन्या भागात होळकर घराण्यातील दिवंगतांच्या स्मरणार्थ बांधलेल्या कोरीव दगडी छत्र्यांवरून त्या परिसराला हे नाव पडले. छत्री ही आपल्या दफनभूमीतील कबरीसारखी नव्हे. तिच्या खाली देह असावाच लागतो असे नाही. मल्हारराव होळकर १७६६ मध्ये आलमपूर येथे वारले, तेथे त्यांची छत्री आहे, पुत्र खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पडले, त्यांची छत्री कुंभेरजवळ गांगरसोळी येथे, अहिल्याबाईंची महेश्वरास, यशवंतरावांची भानपुऱ्यास. छत्री सांगते ती एवढीच गोष्ट : या माणसामागे त्याचे नाव घेणारा कोणी होता. तो पोटचा होता की मांडीवर घेतलेला, हे दगडावरून कळत नाही. आणि होळकरांच्या घराण्यात तर हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या उभा राहिला.

खंडेराव हे मल्हाररावांचे एकुलते एक पुत्र. त्यांचा मुलगा मालेराव १७६७ मध्ये निपुत्रिक वारला, आणि मल्हाररावांचा पुरुषवंश तिथेच खुंटला. अहिल्याबाईंची कन्या मुक्ताबाई फणसे यांच्या घरी मल्हाररावांचे रक्त होते, पण ते मुलीकडचे. गादीच्या हिशेबात ते धरले गेले नाही. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी अहिल्याबाईंना एखादे लहान मूल दत्तक घेण्याचा सल्ला दिला. शास्त्रात त्याला आडकाठी नव्हती. परंतु मूल गादीवर आणि कारभार दिवाणाच्या हाती, हा त्यातील हेतू बाईंनी ओळखला व सल्ला साफ नाकारला. म्हणजे शास्त्रोक्त मार्ग मोकळा असूनही त्यांनी तो घेतला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्यांनी सैन्याचे नेतृत्व दिले तुकोजी होळकर यांच्याकडे. तुकोजी हे मल्हाररावांच्या विश्वासातील सरदार. निकटचे रक्ताचे नाते नव्हे. तरीही त्यांच्या मुद्रेत ते 'मल्हाररावांचे पुत्र' म्हणून नोंदले गेले, आणि वयाने आपल्याहून लहान असलेल्या अहिल्याबाईंना ते 'आई' म्हणत, असे सर जॉन माल्कमने मध्य हिंदुस्थानच्या आपल्या इतिहासात लिहून ठेवले आहे.

येथे रोमन कायद्याचा पंडित जागीच थबकला असता. जस्टिनियनच्या संहितेत तत्त्व सांगितले आहे की दत्तकविधान निसर्गाचे अनुकरण करते. म्हणून धाकट्याने थोरल्याला दत्तक घेणे हे विपरीत, आणि दत्तक घेणारा अठरा वर्षांनी तरी मोठा असावा. आपल्या दत्तकमीमांसेतही दत्तकाच्या ठायी औरस पुत्राची छाया असावी, असा विचार आहे. दोन्हीकडे तत्त्व एकच : शास्त्राने निसर्गाचा कित्ता गिरवावा. तुकोजींच्या 'आई' या हाकेत मात्र ना निसर्ग होता ना विधी. ती निष्ठेची हाक होती, आणि सुमारे तीस वर्षे राज्य तिच्यावर तोलले गेले.

तुकोजी १७९७ मध्ये वारले आणि गाठी सुटू लागल्या. त्यांना काशीराव व मल्हारराव हे दोन औरस पुत्र; यशवंतराव व विठोजी या दोघांना इतिहासकारांनी सामान्यतः अनौरस म्हटले आहे. त्या काळच्या इंग्रजीत अशा पुत्राला 'नॅचरल सन' म्हणत. मल्हारराव त्याच वर्षी पुण्यात शिंद्यांच्या फौजेकडून मारले गेले. विठोजींना १८०१ मध्ये पेशव्याने क्रूरपणे ठार केले. यशवंतराव निसटले. त्यांनी फौज जमविली तीदेखील आरंभी स्वतःच्या नावाने नव्हे, तर मल्हाररावांच्या तान्ह्या मुलाच्या, खंडेरावांच्या नावाने. ज्याच्या तलवारीपुढे १८०२ मध्ये पुणे पडले, त्यालाही कागदावर एका तान्ह्या औरस नातवाचा आडोसा घ्यावा लागला. शास्त्रोक्ततेचे सामर्थ्य आणि तिचे वैयर्थ्य ही दोन्ही याहून स्पष्ट कुठे दिसतील असे आम्हांस वाटत नाही.

पुढची पिढी अधिकच बोलकी आहे. यशवंतराव १८११ मध्ये भानपुऱ्यास वारले. केसरीबाईंच्या (यांनाच पुढे कृष्णाबाई म्हटले जाते) पोटी झालेला मल्हारराव हा त्यांच्या रक्ताचा मुलगा. तरी गादीवर त्याचा हक्क निर्वेध व्हावा म्हणून तुळसाबाईंनी त्यास दत्तक घेतले. बापाचा मुलगा बापाच्याच घरात दत्तक! निसर्गाने दिलेले शास्त्राकडून पुन्हा मागून घ्यावे लागले. हे दुसरे मल्हारराव १८३३ मध्ये निपुत्रिक वारले. त्यांच्या पत्नी गौतमाबाई यांनी मार्तंडराव नावाच्या बालकास दत्तक घेऊन गादीवर बसविले. परंतु थोड्याच दिवसांत विठोजींचे पुत्र हरीराव महेश्वरच्या कैदेतून सुटून आले आणि १८३४ मध्ये ते गादीवर बसले. दत्तक मागे पडला, रक्त पुढे आले. हरीरावांनाही मूल नव्हते. त्यांनी खंडेरावास दत्तक घेतले. हरीराव १८४३ च्या ऑक्टोबरात आणि हा मुलगा १८४४ च्या फेब्रुवारीत वारला. मग माजीसाहेबा कृष्णाबाईंनी भाऊ होळकर यांचा मुलगा निवडला. तेच दुसरे तुकोजीराव. २७ जून १८४४ रोजी त्यांना गादीवर बसविण्यात आले.

या समारंभात रेसिडेंट रॉबर्ट हॅमिल्टन यांनी जरा घाई केली, असे वरिष्ठ सरकारचे मत पडले. कारण सरकारला दत्तकाचा हक्क मान्य करावयाचा नव्हता. गादी मोकळी पडली आहे आणि ती आपण कृपेने देत आहोत, असे दाखवावयाचे होते. त्याच वर्षी तुकोजीरावांना दिलेल्या पत्रात राज्य त्यांस व त्यांच्या विवाहसंबंधातून झालेल्या पोटच्या पुरुषवंशास दिल्याची भाषा आली. दत्तकाचे नाव नाही. ही केवळ लेखनिकाची लकब नव्हती. चारच वर्षांनी, १८४८ मध्ये, सातारा खालसा झाले. १८५४ मध्ये झाशी व नागपूर. तत्त्व असे मांडले गेले की दत्तक पुत्र खाजगी मालमत्तेचा वारस होईल, बापाचे उत्तरकार्य करील, पण राज्याचा धनी होणार नाही. थोडक्यात, छत्री बांधण्याचा हक्क त्याला, गादीचा नाही. ज्या शास्त्राने पिंडाचा अधिकार आणि वारसा एकत्र बांधले होते, त्याच्या मधोमध परक्या सरकारने पट्टी ठेवून रेघ ओढली. मापदंड कोणाच्या हातात आहे हा प्रश्न किती निर्णायक असतो, ते अशा वेळी कळते.

सत्तावन्नचा वणवा पेटला त्याला हेही एक इंधन होते. वणवा विझल्यावर सरकारने धोरण फिरविले. लॉर्ड कॅनिंग यांनी १८६२ मध्ये संस्थानिकांना ज्या दत्तकाच्या सनदा दिल्या, त्यांत होळकरही होते. (गव्हर्नर जनरलचे आडनावही आमच्या विषयाशी यमक जुळवणारे निघावे, हा निव्वळ योगायोग.) सनदेचा आशय असा की 'नॅचरल' वारस नसल्यास हिंदू शास्त्रानुसार व कुळाच्या रीतीनुसार केलेले दत्तकविधान मान्य केले जाईल. म्हणजे एकाच वाक्यात आमचे दोन्ही शब्द शेजारी बसले : नैसर्गिक वारस, आणि तो नसेल तर शास्त्रोक्त वारस. परंतु ज्या घराण्याला ही सनद मिळाली त्याच घराण्याच्या इतिहासात 'नॅचरल' म्हणजे यशवंतराव, म्हणजे गादीबाहेरचा! येथे 'नॅचरल' म्हणजे औरस, गादीचा पहिला धनी. शब्द तोच, आणि अर्धशतकाच्या आत त्याने पूर्ण पाठ फिरविली.

सनद उशिरा आली, असा एक माणूस याच शहरात राहत होता. झाशीचे गंगाधरराव यांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी, २० नोव्हेंबर १८५३ रोजी, दत्तक घेतलेले दामोदरराव. राणी लक्ष्मीबाईंच्या पाठीवर बांधलेले मूल म्हणून चित्रांतून ते सर्वांना ठाऊक आहेत. त्यांचे पुढले आयुष्य मात्र फारसे कोणास ठाऊक नसते. १८६० पासून ते इंदुरात सरकारी पेन्शनीवर राहिले आणि १९०६ मध्ये तिथेच वारले. त्यांचे दत्तकविधान शास्त्राप्रमाणे बिनचूक होते. कमी होती ती फक्त मान्यता.

होळकरांच्या या कथेपासून पवित्र शास्त्राकडे जाण्यास फार मोठी उडी मारावी लागत नाही. प्रभू येशूच्या दोन वंशावळी शुभवर्तमानांत आहेत. मत्तय योसेफाचा पिता याकोब सांगतो, लूक एली सांगतो. या विसंगतीने आरंभीच्या ख्रिस्ती वाचकांना अस्वस्थ केले होते. तिसऱ्या शतकात ज्युलियस आफ्रिकानस याने अरिस्तीदेस यास लिहिलेल्या पत्रात तिचा उलगडा केला. ते पत्र युसेबियसने आपल्या धर्मसभेच्या इतिहासात जपून ठेवले आहे. त्याचे म्हणणे असे की एली निपुत्रिक वारला; अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायातील नियमाप्रमाणे त्याच्या विधवेशी याकोबाने विवाह केला; तिच्या पोटी योसेफ झाला. म्हणून योसेफ निसर्गाने याकोबाचा पुत्र आणि नियमशास्त्राने एलीचा पुत्र. ग्रीकात 'काता फिसिन' आणि 'काता नोमोन'. धर्मशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर योसेफ हा एलीचा क्षेत्रज पुत्र ठरतो. आजचे भाष्यकार हा उलगडा ऐतिहासिक म्हणून स्वीकारतातच असे नाही. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे ते निराळे. आफ्रिकानसला एक पुत्रपण खरे व दुसरे खोटे असे म्हणावेसे वाटले नाही. दोन्ही खरी, दोन मापांनी मोजलेली. आणि दावीदाच्या कुळाचा वारसा प्रभूपर्यंत येतो तो योसेफाच्या द्वारे, म्हणजे मत्तयाच्याच सांगण्याप्रमाणे निसर्गाने नव्हे.

संत पॉल तर दत्तकाचाच शब्द उचलतो. रोमकरांस व गलतीकरांस लिहिताना विश्वासणाऱ्यांच्या पुत्रत्वासाठी त्याने 'हुइओथेसिया' हा कायद्याच्या व्यवहारातील शब्द घेतला. पत्र ऐकणाऱ्या रोमकरांना दत्तक ही कमीपणाची गोष्ट वाटण्याचे कारण नव्हते. ऑगस्टस स्वतः ज्युलियस सीझरच्या मृत्युपत्राने दत्तक झालेला, तिबेरियस ऑगस्टसचा दत्तक, नीरो क्लॉडियसचा. दत्तक हाच तिथे गादीचा राजमार्ग होता. त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात पॉल आणखी धीट होतो. रानजैतुनाची फांदी बागेतल्या जैतुनावर कलम केली जाते, ती निसर्गाविरुद्ध, असे तो म्हणतो. आणि हे कलम करणारा स्वतः देव आहे. फळबागेत राबणारा कोणीही सांगेल की कलम सुटत नाही ते जखमेला जखम नीट बसली तरच.

मात्र याच शब्दावरून वादही झाला. आठव्या शतकात स्पेनमध्ये तोलेदोचा एलिपांदुस आणि उर्गेलचा फेलिक्स यांनी ख्रिस्त मनुष्यपणात देवाचा दत्तक पुत्र होय, असे प्रतिपादन केले. आल्कुइनने त्यांस उत्तर दिले आणि ७९४ च्या फ्रँकफर्ट परिषदेने हे मत नाकारले. ख्रिस्त स्वभावतः पुत्र, आपण कृपेने. 'स्वभावतः' या ठिकाणी 'नॅचरल'चा तिसरा अर्थ येतो आणि तो पहिल्या दोहोंपेक्षा वरचा आहे. इथे 'नैसर्गिक पुत्र' असे भाषांतर करणे म्हणजे वाचकाला नको त्या दिशेने पाठविणे होय. 'स्वभावसिद्ध' हाच शब्द आम्हांस योग्य वाटतो.

जाता जाता एक गोष्ट. गणितज्ञांनाही हे दोन शब्द छळतात. आयलेनबर्ग व मॅकलेन यांनी १९४५ मध्ये 'नॅचरल' या शब्दाला काटेकोर व्याख्या दिली. स्थूलमानाने सांगायचे तर, कोणाच्याही मनमानी निवडीवर जे अवलंबून नाही ते नॅचरल. 'कॅनॉनिकल' मात्र त्यांच्याकडेही अजून सैलच आहे. त्यांच्या व्याख्येने दत्तक हा कधीच नॅचरल होऊ शकत नाही, कारण तो निवडलेला असतो. ईशज्ञानात निवडले जाणे यालाच कृपा म्हणतात.

आता आपल्या घरच्या कायद्याकडे. १९१७ च्या धर्मसभा-संहितेत विवाहाबाहेर जन्मलेल्यांना सेमिनरीची दारे बंद होती. गुरुदीक्षेला तो जन्मदोष मानला जाई, आणि सूट मिळविण्यासाठी अर्ज करावा लागे. इरॅस्मससारख्या विद्वानालाही १५१७ मध्ये आपल्या जन्मासंबंधात परमगुरू दहावे लिओ यांच्याकडून सूट घ्यावी लागली होती. ज्या नव्या कराराची ग्रीक संहिता त्याने आदल्याच वर्षी छापून प्रसिद्ध केली होती, तिच्यात प्रभूची वंशावळ तामार, राहाब व रूथ यांची नावे घेत जाते. पण ती वाचण्याची पद्धत आणि कायद्याची पद्धत शतकानुशतके वेगवेगळ्या दालनांत बसत आल्या. १९८३ च्या संहितेने हा अडसर काढून टाकला. औरस कोण याची व्याख्या तिथे अजून आहे, परंतु तिच्यामागे पूर्वीचा दंड नाही. कलम ११० सांगते की देशाच्या कायद्यानुसार दत्तक घेतलेले मूल हे दत्तक घेणाऱ्यांचेच मूल मानावे.

तरीही 'नॅचरल' हा शब्द याच संहितेत दोन तोंडांनी बोलतो. रक्तसंबंधात विवाह निषिद्ध ठरविणाऱ्या कलम १०९१ मध्ये 'औरस तसेच नॅचरल' वंशज असे म्हटले आहे. तिथे अर्थ विवाहाबाहेरचे. स्नानसंस्काराच्या नोंदीविषयीच्या कलम ८७७ मध्ये दत्तक मुलाच्या 'नॅचरल' आईबापांचा उल्लेख येतो; तिथे अर्थ जन्मदाते, मग त्यांचा विवाह झालेला असो वा नसो. मराठी भाषांतर करणाऱ्याने दोन्ही ठिकाणी 'नैसर्गिक' लिहिले तर पहिले कलम दुर्बोध होईल आणि दुसरे काही घरांत जखम करील. दत्तक मूल वाढविणाऱ्या आईला 'तुम्ही नैसर्गिक आई नव्हे' असे म्हणणे आणि 'जन्मदाती दुसरी आहे' असे म्हणणे, यांत अंतर आहे. पहिल्याने ती आई अनैसर्गिक ठरते.

आपल्या देशात ही गोष्ट आणखी नाजूक होती. १९५६ चा दत्तकविधानाचा कायदा हिंदूंपुरता. ख्रिस्ती दांपत्याला दीर्घकाळ १८९० च्या कायद्याखाली केवळ पालकत्व मिळत असे, अपत्य नव्हे. मूल सज्ञान झाले की कायद्याच्या दृष्टीने नाते संपले. २००० चा बालन्याय कायदा, त्यातील २००६ ची दुरुस्ती आणि पुढे २०१५ चा कायदा यांनी सर्व धर्मीयांना पूर्ण दत्तकविधानाची वाट खुली केली. कलम ११० ने देशाच्या कायद्याकडे बोट दाखविले होते. आता त्या बोटासमोर खरोखरच काही उभे आहे.

याचा व्यवहारात अर्थ असा. कलम ८७७ प्रमाणे नोंदवहीत दत्तक आईवडिलांची नावे लिहावयाची; जन्मदात्यांची नावे, निदान मुलकी नोंदीत तशी पद्धत असेल तर, लिहावयाची, आणि बिशपांच्या परिषदेचे नियम पाहावयाचे. आपल्याकडे दत्तकविधानानंतर मिळणाऱ्या जन्मदाखल्यात दत्तक घेणाऱ्यांचीच नावे आईवडील म्हणून येतात. तेव्हा धर्मग्रामाच्या वहीत त्याहून अधिक काही लिहिण्याचा आग्रह धरण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. रक्तसंबंधाच्या निषेधासाठी जन्मदात्यांची माहिती कुठेतरी सुरक्षित असणे आवश्यक आहे, हे खरे. परंतु तिची जागा गोपनीय दप्तर ही होय. शाळेच्या प्रवेशासाठी वा लग्नाच्या वेळी हातोहात फिरणारा दाखला ही नव्हे. शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने 'दत्तक' असे लिहिण्याची पद्धत कुठे उरली असेल, तर तिला संहितेत आधार नाही. दाखल्यावर आईचे नाव, वडिलांचे नाव आणि मुलाचे नाव एवढे पुरे.